भिंतीवरचा पडदा आणि पिळाची तार

दूरचित्रवाणीचा संच टेबलावरून उठून भिंतीवर जाऊन बसला, त्यास आता बरीच वर्षे झाली. जुना संच पेटीसारखा होता. त्याच्या पोटात काचेची मोठी नळी असे आणि तिचा भार पेलण्यास मजबूत टेबल लागे. आताचा संच तसबिरीसारखा पातळ आहे आणि तसबिरीसारखाच तो भिंतीवर टांगला जातो. परंतु संच भिंतीवर गेला म्हणजे त्याच्या तारांचा प्रश्न भिंतीच्या आत जातो. विजेची तार तर हवीच. पण आजच्या संचास आणखी एक वाट लागते. छपरावरच्या तबकडीबरोबरच, आणि पुष्कळ घरांत तिच्याऐवजी, कार्यक्रम आता इंटरनेटच्या मार्गाने येतात. हा मार्ग घराच्या दारापासून भिंतीवरच्या पडद्यापर्यंत कसा न्यावा, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु घर बांधताना त्याकडे दुर्लक्ष झाले, तर पुढे वर्षानुवर्षे त्याचा त्रास सोसावा लागतो.

पांढुर्णा आणि सौसर या तालुक्यांत या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. तोपर्यंत हा मुलूख आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि नागपूर हीच त्या राज्याची राजधानी होती. पुनर्रचनेनंतर नागपूर व विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि १९६० साली महाराष्ट्रात आले. छिंदवाडा जिल्हा, आणि त्यातील हे दोन मराठीबहुल तालुके, मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली या दोहोंचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्य कोणते आणि जिल्हा कोणता, हे कागदावर असे बदलत गेले. घरातील बोलणे मात्र तेच राहिले. कचेरीत हिंदी, शाळेतही बहुधा हिंदी, आणि ओसरीवर, शेतात व देवघरापुढे मराठी, अशी येथील कित्येक कुटुंबांची रहाटी आहे.

अशा घरातील मूल मराठी बोलते, पण मराठी शिकतेच असे नाही. आजीची बोली त्याच्या कानावर असते. ग्रंथांतील मराठी, नाटकातील मराठी, कीर्तनकाराचे वा वृत्तनिवेदकाचे मराठी त्याच्या कानी पडावयाचे, तर ते बाहेरूनच यावे लागते. एके काळी हे काम नागपूरच्या आकाशवाणी केंद्राने केले. १९४८ च्या जुलैत ते केंद्र सुरू झाले, आणि आठ वर्षांनी नकाशावर रेघ ओढली गेली तरी ध्वनिलहरींच्या वाटेत काही ती आली नाही. पुढे दूरचित्रवाणी आली. आज तेच काम पुष्कळ अंशी इंटरनेटने जोडलेला पडदा करतो. व्याख्यान, अभंगगायन, जुने चित्रपट, नव्या मालिका, मुलांचे धडे, सारे त्यावर मराठीत मिळते. परंतु दर दोन मिनिटांनी चित्र अडखळू लागले आणि पडद्यावर नुसते चक्र फिरू लागले, की म्हातारी माणसे उठून जातात आणि मुले आपापल्या मोबाइलकडे वळतात. तेव्हा चित्र अखंड चालणे ही केवळ चैनीची बाब नव्हे.

चित्र अडखळले की बहुतेक लोक इंटरनेट पुरवणाऱ्यास दोष देतात. कधी तो दोष खराही असतो. पण पुष्कळदा दारापर्यंत आलेला प्रवाह पुरेसा असतो आणि तो घरातल्या घरात वाया जातो. येथील संत्राबागायतदारास हे समजावून सांगावयास नको. विहिरीला पाणी आहे, पंपही चालतो आहे. तरी तुषार सिंचनाने फेकलेले पाणी थोडे वाऱ्याने उडते, थोडे पानांवर राहते आणि उरलेले मातीत पडते. ठिबकाची नळी मात्र प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी जाते. वाय-फाय हे तुषार सिंचनासारखे आहे. राउटर नावाची पेटी बिनतारी लहरी चहूकडे फेकते. त्यांतील थोड्या संचापर्यंत पोचतात. तार ही ठिबकाची नळी आहे. ती एकाच ठिकाणी जाते, पण जे न्यावयाचे ते पुरते नेते.

बिनतारी लहरींना भिंतींचा अडथळा होतो. वाय-फायच्या लहरी मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंत त्यातल्या त्यात बऱ्या ओलांडतात, परंतु त्या पट्ट्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरांची दाटी असते. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मोकळीक अधिक, वेगही अधिक. पण जाड भिंतीपुढे त्या लहरी लवकर थकतात. जुन्या घरांच्या माती-विटांच्या हातभर जाडीच्या भिंती, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी, या साऱ्यांचा त्यांस अडथळा होतो. भिंतीवर टांगलेल्या संचाची अडचण तर दुहेरी आहे. लहरी टिपणारा त्याचा भाग बहुधा मागील बाजूस असतो. म्हणजे पुढून संचाचा धातूचा पत्रा आणि मागून भिंत, अशा बेचक्यात तो सापडतो. शिवाय एका राउटरवरची सर्व बिनतारी उपकरणे आळीपाळीने बोलतात. घरात चार मोबाइल चालू असले, की संचाला आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते.

यावरून वाय-फाय वाईट असा निष्कर्ष काढणे बरोबर नव्हे. मोबाइल हातात घेऊन माणूस घरभर फिरतो; त्याला तार बांधणे शक्य नाही आणि इष्टही नाही. जे हालते त्याला बिनतारी आणि जे एका जागी राहते त्याला तार, असा साधा विवेक केला म्हणजे पुरे. आणि भिंतीवर पक्का बसवलेल्या संचाइतकी स्थिर वस्तू घरात दुसरी कोणती? संच तारेवर गेला, की बिनतारी मार्गावरचा सर्वांत मोठा भार उतरतो आणि मोबाइलांनाही मोकळी वाट मिळते.

या तारेचा इतिहास मनोरंजक आहे. एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञ असे मानीत, की प्रकाश वाहून नेणारा ईथर नावाचा एक अदृश्य पदार्थ सर्व विश्वात भरलेला आहे. १८८७ साली मायकेलसन आणि मॉर्ले यांच्या प्रयोगात त्याचा काही माग लागला नाही आणि पुढे ती कल्पनाच मागे पडली. परंतु १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी संगणक एकमेकांस जोडणारी पद्धत योजिली, तेव्हा तिला त्यांनी ईथरनेट हे नाव दिले. सर्व यंत्रांना जोडणारे समाईक माध्यम म्हणजे जणू ईथरच, असा त्यामागील भाव होता. आरंभी या कामास जाड तार लागे. १९९० साली टेलिफोनच्या तारेसारखी, दोन दोन पदरांना पीळ दिलेली तार प्रमाण म्हणून मान्य झाली. घरोघरी भिंतीत जाणारी तार ती हीच.

हा पीळ शोभेसाठी नाही. तो या तारेचा प्राण आहे. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ सालीच अशा पिळाच्या जोडीचे पेटंट घेतले होते. युक्ती अशी आहे. जोडीच्या एका पदरातून संदेश जसाच्या तसा जातो आणि दुसऱ्यातून त्याच्या नेमका उलट. समजा, पहिल्या पदरात अधिक एक आहे आणि दुसऱ्यात उणे एक. पलीकडचे यंत्र या दोहोंतील अंतर मोजते. ते भरते दोन. आता शेजारून जाणाऱ्या विजेच्या तारेमुळे दोन्ही पदरांत तीन एवढा उपद्रव शिरला, तर पहिल्यात चार होतात आणि दुसऱ्यात दोन. अंतर मात्र पूर्वीप्रमाणे दोनच राहते. उपद्रव आपोआप वजा होतो. परंतु त्यासाठी तो दोन्ही पदरांत सारखाच शिरला पाहिजे. पदर सरळ असते, तर उपद्रवाच्या जवळच्या पदराला अधिक झळ लागली असती. पीळ दिल्यामुळे दोघेही आळीपाळीने जवळ येतात आणि झळ सारखी वाटली जाते. तारेत अशा चार जोड्या असतात. एकीचा उपद्रव दुसरीला होऊ नये म्हणून प्रत्येकीचा पीळ कमीअधिक घट्ट ठेवलेला असतो. कपाशीच्या मुलखातील माणसास सुताचे बळ पिळात असते हे ठाऊक आहे. येथे पिळातून बळ येत नाही, निर्मळपणा येतो.

तार घेताना दोन गोष्टी पाहाव्या. पहिली तिची प्रत. कॅट फाइव्ह-ई या प्रतीची तार शंभर मीटरपर्यंत सेकंदाला एक हजार मेगाबिट एवढा प्रवाह नेऊ शकते. कॅट सिक्स तिच्याहून सरस आहे. पन्नासएक मीटरच्या आत ती दहा हजार मेगाबिटही नेते. दूरचित्रवाणीची गरज याच्या मानाने फारच थोडी आहे. चांगल्या स्पष्ट चित्रास पाच ते आठ मेगाबिट पुरतात आणि अतिस्पष्ट, म्हणजे फोर-के चित्रास पंधरा ते पंचवीस. बहुतेक संचांची तारेची खाच शंभर मेगाबिटपुरतीच केलेली असते, तीही या हिशेबाने चौपट झाली. कागदोपत्री पाहता नव्या पद्धतीचे वाय-फाय त्याहून अधिक वेग दाखवील. परंतु चित्राला शिखरावरच्या वेगापेक्षा न तुटणारा प्रवाह लागतो. आज कॅट फाइव्ह-ई पुरेशी असली, तरी भिंत पुन्हा पुन्हा फोडावयाची नसते, म्हणून कॅट सिक्स घातलेली बरी.

दुसरी गोष्ट तारेचा धातू. बाजारात शुद्ध तांब्याची तार मिळते आणि तशीच दिसणारी, पण ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तारही मिळते. दुसरी स्वस्त असते आणि वजनाला हलकी. ती विजेला अधिक विरोध करते आणि वाकवताना लवकर तुटते. दुकानातच एक पदर सोलून सुरीने खरवडावा. आत पांढरट धातू दिसला, तर ती तार भिंतीत घालू नये. भिंतीत कायमची राहणारी तार एकसंध, भरीव पदरांची असावी. भिंतीपासून संचापर्यंतची हातभर लांबीची मोकळी तार मात्र बारीक तंतूंची, लवचीक घ्यावी, कारण ती वरचेवर हालते.

आता वाट कशी आखावी ते पाहू. इंटरनेट आज बहुतेक ठिकाणी काचेच्या प्रकाशतंतूतून येते. ग्रामपंचायतींपर्यंत असा तंतू नेण्याची सरकारी योजना २०११ साली मंजूर झाली आणि २०१५ पासून ती भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. शहरांत आणि मोठ्या गावांत खाजगी पुरवठादारांचे तंतूही पोचले आहेत. घरात हा तंतू एका लहान पेटीत संपतो. ही पेटी प्रकाशाचे विजेच्या संदेशात रूपांतर करते, आणि राउटर तिच्यातच किंवा तिच्या शेजारी असतो. पुरवठादाराचा माणूस ती सोयीप्रमाणे दारालगत किंवा खिडकीपाशी लावून निघून जातो. घरमालकाने ती जागा आधीच ठरवून ठेवावी. पेटीजवळ विजेचा प्लग हवा, हवा खेळती हवी आणि तेथून बैठकीच्या भिंतीपर्यंत रिकामी नळी गेलेली हवी.

ही रिकामी नळी हाच सर्व प्रकरणाचा गाभा आहे. बागेचा बहार हाती आला, की पुष्कळ घरांची बांधकामे निघतात. त्या वेळी गवंडी आणि वायरमन दोघेही हजर असतात. प्लास्टर व्हावयाचे असते. भिंतीत झिरी मारून पाऊण किंवा एक इंची नळी बसवण्यास काही तासच लागतात. तेच काम रंग झाल्यावर करावयाचे ठरवले, तर धूळ, डाग आणि दुप्पट मजुरी. नळीला काटकोनाचे तीव्र कोपरे देऊ नयेत. रुंद वळणे द्यावी, कारण तारेला तिच्या जाडीच्या चौपटीहून लहान वळण सोसत नाही. ओढताना अकरा किलोच्या भारापेक्षा अधिक ताण पडता कामा नये, नाहीतर आतील पीळ सैल होतो. तार घालताना एक पक्का दोराही नळीत ठेवून द्यावा. उद्या तार बदलावयाची झाली, तर नवी तार त्या दोराने ओढून घेता येते.

या नळीत विजेची तार कधीही घालू नये. जागा वाचते म्हणून काही वायरमन तसे सुचवतात. त्यास साफ नकार द्यावा. घरातील वीज २३० व्होल्टची असते. तिच्या तारेचे वेष्टन उष्णतेने वितळले, तर ती वीज नेटवर्कच्या तारेत, तेथून संचात आणि कदाचित माणसाच्या बोटापर्यंतही येऊ शकते. दोन्ही नळ्या स्वतंत्र असाव्या, त्या समांतर जात असतील तर मध्ये वीतभर तरी अंतर असावे, आणि एकमेकींना ओलांडावयाची वेळ आलीच तर काटकोनात ओलांडावे.

संचाच्या मागे जोडपेटी कोठे बसवावी, येथेही पुष्कळांची फसगत होते. संच लटकवणारी लोखंडी चौकट भिंतीच्या मधोमध बसते. पेटीही तेथेच ठेवली, तर चौकटीखाली ती झाकली जाते. म्हणून आधी संचाचे माप घ्यावे, कागदाचा तेवढाच तुकडा भिंतीवर चिकटवावा, चौकटीची भोके आखावी आणि पेटी संचाच्या छायेत, पण चौकटीच्या बाहेर, ज्या बाजूस संचाच्या खाचा आहेत त्या बाजूस ठेवावी. बसल्या माणसाच्या डोळ्याच्या पातळीवर चित्राचा मध्य यावा. म्हणजे जमिनीपासून सुमारे साडेतीन फूट. भिंत आणि संच यांमध्ये कधी कधी बोटभर जागाच उरते. तेथे सरळ बाहेर येणारा जोड दाबला जाऊन मोडतो. पेटी भिंतीत खोल बसवावी आणि जोड बाजूला किंवा खाली वळणारा घ्यावा.

तारेच्या आठ पदरांचा क्रम ठरलेला आहे. प्रचलित पद्धतीत तो असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. येथे नवख्या माणसास शंका येते, की हिरव्या जोडीचे दोन पदर दूर ठेवून निळी जोडी मध्ये का घातली? सगळ्या जोड्या ओळीने का लावू नयेत? याचे कारण असे, की यंत्र पहिला व दुसरा पदर ही एक जोडी समजते, आणि तिसरा व सहावा ही दुसरी. पदर ओळीने लावले, तर तिसऱ्या व सहाव्या जागी दोन निरनिराळ्या जोड्यांतील पदर येतात. त्यांना परस्परांचा पीळ नसतो आणि उपद्रव वजा करण्याची युक्ती तेथे चालत नाही. साध्या दिव्यांच्या तपासयंत्रावर आठही दिवे ओळीने लागतात. तार मात्र वाईट चालते. दोन्ही टोकांना एकच क्रम ठेवावा आणि टोकाशी पीळ अर्ध्या इंचाहून अधिक उकलू नये.

काम झाल्यावर परीक्षा घ्यावी, आणि तीही प्लास्टरचा शेवटचा हात फिरण्यापूर्वी. संच जोडून चित्र दिसले म्हणजे तार निर्दोष आहे असे सिद्ध होत नाही. शंभर मेगाबिटच्या खाचेला चारांपैकी दोनच जोड्या लागतात. उरलेल्या दोन तुटलेल्या असल्या तरी चित्र दिसते. पुढे हजार मेगाबिटचे यंत्र जोडले, म्हणजे दोष उघडकीस येतो, कारण त्याला चारही जोड्या लागतात. म्हणून हजार मेगाबिटची खाच असलेला संगणक एकदा त्या टोकास लावून पाहावा आणि तेवढा वेग जुळतो की नाही याची खात्री करावी.

संचाच्या बाजूचे काम त्या मानाने सोपे आहे. मागील किंवा कडेच्या खाचांपैकी लॅन असे लिहिलेल्या खाचेत जोड बसवावा. तो बसल्याचा बारीक आवाज येतो. काही संच तार जोडताच वाय-फाय सोडून तिच्याकडे वळतात. इतरांत नेटवर्कच्या पानावर जाऊन तारेचा पर्याय निवडावा लागतो. राउटर प्रत्येक उपकरणास स्वतःहून घरांतर्गत क्रमांक देतो, जसा मोहल्ल्यात प्रत्येक घरास क्रमांक असतो. तेथे घरमालकास काही लिहावे लागत नाही. पूर्वीचा वाय-फायचा संकेतशब्द संचात राहिला असेल, तर तो पुसून टाकावा; नाहीतर संच कधी कधी नकळत पुन्हा जुन्या वाटेने जातो.

चित्र कधी थांबलेच, तर दोष शोधण्याचा क्रम ठेवावा. प्रथम राउटरवर त्या तारेचा दिवा लागतो का ते पाहावे. दिवा नसेल, तर दोष तारेत किंवा जोडात आहे. संचापाशी असलेली लहान मोकळी तार आधी बदलून पाहावी, कारण बहुतेक वेळा तीच दगा देते. दिवा आहे, पण मोबाइलवरही इंटरनेट नाही, तर दोष घराबाहेरचा आहे आणि पुरवठादारास कळवणे योग्य. दिवा आहे, मोबाइल चालतो आणि संच तेवढा चालत नाही, तर संच मुख्य प्लगापासून मिनिटभर बंद करून पुन्हा सुरू करावा. या तीन पायऱ्यांनी पुष्कळ चकरा वाचतात.

ज्यांची घरे जुनी आहेत त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. कवेलूच्या घरातील मातीची भिंत छन्नीने कोरणे धोक्याचे असते. ती झिरीपाशीच खचू लागते. तेथे तुळईच्या कडेने आणि दाराच्या चौकटीलगत प्लास्टिकची पट्टी ठोकून तिच्यात तार घालावी. नीट लावलेली पट्टी भिंतीच्या रंगात रंगवली, म्हणजे डोळ्यांत खुपत नाही. भारी संच मात्र मातीच्या भिंतीवर टांगू नये. तो मेजावर ठेवावा. तार तेथपर्यंतही जाते.

एक इशारा मात्र आवर्जून दिला पाहिजे. एका अंगणातल्या दोन घरांस, किंवा घर आणि मळ्यातील खोली यांस, तांब्याच्या तारेने उघड्यावरून जोडू नये. सातपुड्याच्या पायथ्याशी पावसाच्या आरंभी आणि शेवटी विजा फार पडतात. जवळपास वीज पडली, तरी लांब तांब्याच्या तारेत दाब निर्माण होतो आणि दोन्ही टोकांची यंत्रे जळतात. अशा ठिकाणी धातूविरहित प्रकाशतंतू घालावा. काच वीज वाहून नेत नाही. घराचे अर्थिंग तपासून घ्यावे आणि गडगडाट सुरू झाला, की संचाचा प्लग व जोड दोन्ही काढून ठेवावे.

ही तार कोणत्या भाषेचा कार्यक्रम आणावयाचा हे ठरवीत नाही. ती निवड घरच्या माणसांची. परंतु प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र पडदा आला, की ज्याचे त्याचे ऐकणे वेगळे होते. आजी जे पाहते ते नातवाच्या कानी पडत नाही. भिंतीवरचा पडदा अजून घरात समाईक आहे. तो विनाव्यत्यय चालला, तर जेवणानंतर अर्धा तास तरी तीन पिढ्या एका खोलीत बसतात, एखादा शब्द अडला तर विचारतात आणि त्याचा अर्थ सांगणारे माणूस तेथेच असते. मराठीचा तास ज्यांच्या शाळेत नाही, अशा मुलांच्या वाट्याला तेवढा तरी तास येतो.

म्हणून ज्यांच्या घराचे काम चालू आहे त्यांनी प्लास्टर चढण्यापूर्वी राउटरच्या जागेपासून बैठकीच्या भिंतीपर्यंत एक नळी घालून घ्यावी, आणि जमल्यास मुलांच्या अभ्यासाच्या खोलीपर्यंत दुसरी. झिरी उघडी असतानाच भिंतीचे छायाचित्र काढावे आणि नळी जमिनीपासून किती उंचीवर व कोपऱ्यापासून किती अंतरावर गेली आहे, ते फुटांत लिहून ठेवावे. तो कागद घराच्या रजिस्ट्रीजवळ आणि शेतीच्या ऋणपुस्तिकेजवळ जपून ठेवावा. दहा वर्षांनी त्या भिंतीत खिळा ठोकणाऱ्यास तो उपयोगी पडेल.